मान खाली घालून

शहागडला गोदावरीच्या, म्हणजे तिथल्या लोकांच्या गंगेच्या, काठी एक निवृत्त जवान मला एकदाच भेटले. सैन्यात असताना ते देशाच्या सुरुवातीच्या बॉबस्ले संघात होते. बॉबस्ले म्हणजे बर्फाच्या नागमोडी घसरणीवरून सुसाट सुटणारी गाडी. पुढचा खेळाडू ती वळवतो. मागचा ती ढकलतो, उडी मारून आत बसतो आणि शर्यत संपल्यावरच ब्रेक लावतो. हे मागचे होते.

"घसरण कशी दिसायची?" मी विचारले.

"म्या पाह्यलीच न्हाई. मान गुडघ्यात घालून बसायचं. डोकं वर काढलं की हवा अडती, गाडी हळू व्हती."

त्या दिवशी त्यांची मुलगी शेणखताने भरलेली ट्रॉली पहिल्यांदाच नदीकाठच्या शेतात उतरवणार होती. ती नीट उतरली तर या हंगामात ट्रॅक्टर तिच्याकडे राहणार होता, नाहीतर भाड्याचा ड्रायव्हर येणार होता. उतार मोठा होता. घाबरून जोरात ब्रेक दाबला, तर ट्रॉली आडवी होण्याची भीती होती.

ते मुलीशेजारी मडगार्डवर नजर पायांशी ठेवून बसले.

"दादा, पोरगी गंगेत घालंल तुला!" त्यांचा धाकटा भाऊ बांधावरून ओरडला. "समोर बघ तरी!"

"ती बघून राह्यली ना? मंग मी कशाला बघू?"

ट्रॅक्टर उतरू लागला. ट्रॉली मागून रेटत होती. त्यांनी मडगार्ड घट्ट धरून मान खाली घातली. मुलीने पहिला गिअर सोडला नाही आणि ब्रेकला पायही लावला नाही. चाके सपाट मातीत आल्यावर तिने इंजिन बंद केले.

"अप्पा, शेत आलं."

त्यांनी मान वर केली आणि भावाला हाक मारली, "त्या ड्रायव्हरला सांग, येऊ नको म्हणावं."