खिडकीकडची जागा

कुंदाताई बसमध्ये नवऱ्याला नेहमी खिडकीशी बसवायच्या आणि स्वतः बाहेरच्या बाजूला. तुलसी नगरहून गोविंदपुऱ्यापर्यंत रोज हेच. कारखान्यात नोकरी नवऱ्याची; त्या त्याला गेटवर सोडून परत जायच्या आणि संध्याकाळी पुन्हा न्यायला हजर. काय ही माया, असं मला वाटे. मात्र एखादी मुलगी त्यांच्या आसपास बसू लागली की त्या लगबगीनं म्हणत, ‘‘बिटिया, आप आगे बैठ जाओ.’’

मी त्याच कारखान्यात हिशेबाला. एकदा चिडून म्हटलं, ‘‘बसू द्या की पोरीला!’’ तेव्हा उतरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. नवऱ्यानं बसमध्ये एका मुलीच्या अंगाला हात लावला होता, आणि तेही पहिल्यांदा नव्हे. लोकांनी चोपलं, पण बदनामीच्या भीतीनं मुलीच्या वडिलांनी तक्रार केली नाही.

‘‘समुपदेशक बाईंकडे नेलं ह्यांना. त्या म्हणाल्या, साहेब अपमान करतात, तो राग हे असा काढतात. घरी मन मोकळं करत नाहीत. वर ‘तिलाही चालतं’ अशी स्वतःची समजूत घालतात. उपाय आहे, पण आधी ह्यांनी कबूल करायला हवं.’’

‘‘मग?’’

‘‘दोनदा आले. मग म्हणाले, मी काय वेडा आहे?’’

साहेबांची बोलणी मीही खात होते. माझा हात कुणाच्या अंगावर गेला नव्हता. मी तसं फटकन बोलले. पोलिसांत सांगा, असंही म्हटलं.

‘‘आमच्या लेकीचं, केतकीचं शिक्षण होऊ दे हो. तोवर मी आहे ना बाहेरच्या बाजूला.’’

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अंगात ताप असला तरी त्या यायच्या. स्वतःच्या मनावर पहारा ठेवायचं काम त्याचं; ते ह्या बाईनं अंगावर घेतलं आणि त्याला खिडकीची हवा! मला त्यांचा राग यायचा, कीवही यायची. मी कारखान्यातल्या बायकांना सावध केलं. याहून काय करावं, सुचत नव्हतं.

गेल्या थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि कुंदाताई गेल्या.

तेराव्यानंतर त्यांचा नवरा बसमध्ये चढलेला दिसला. शेजारची जागा रिकामी होती आणि एक कॉलेजची मुलगी तिकडेच निघाली होती. मी उठणार, तोच मागून केतकी चढली. आईचीच पिशवी मांडीवर घेऊन ती बाहेरच्या बाजूला बसली. बापाकडे तिनं पाहिलंही नाही. तो न सांगताच खिडकीशी सरकला होता.

‘‘दीदी, आप आगे बैठ जाओ,’’ ती त्या मुलीला म्हणाली.

दोघी साधारण एकाच वयाच्या होत्या. केतकीचं कॉलेज अगदी उलट्या दिशेला आहे.