रिबीन महाराजांनी कापली

शाळेतून निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, मी माईकला लागले. पेण ते रोहा या पट्ट्यात वाचनालयाचं उद्घाटन असो, पतपेढीचा वर्धापनदिन असो की गणपतीच्या कारखानदारांचा स्नेहमेळावा, सूत्रसंचालनाला मला बोलावतात. मानधन म्हणजे शाल आणि नारळ. नारळ खोवून संपतात, पण शाली इतक्या साठल्यात की आमच्याकडे थंडी पडत नाही याचं मला वाईट वाटतं.

एवढे कार्यक्रम केल्यावर प्रेक्षक ओळखता येतो. आमचा प्रेक्षक भाषणाला कान देतो, पण नाक मांडवामागे ठेवतो. मसालेभाताचं झाकण उघडलं की त्याची चुळबुळ सुरू. आभार सुरू झाले की पाय चपला शोधायला लागतात. लोक उभे राहिले की राष्ट्रगीत, आणि राष्ट्रगीत संपलं की जेवण. हा क्रम कोणी ठरवला ठाऊक नाही, पण तो मोडलेला मी पाहिला नाही. आमचा माईकवाला तर त्याला फारच जपतो. एका समारंभात त्याने राष्ट्रगीत लावायला उशीर केला, तोवर अर्धे लोक पंगतीला पोचले, आणि एका पाहुण्याने त्याला सगळ्यांदेखत झापलं. तेव्हापासून तो शेवटचा सत्कार आला की बोट बटणावरच ठेवून बसतो. खुर्च्या सरकल्या की बटण दाबतो, मागेपुढे बघत नाही.

त्याच्या या सवयीचा अष्टमीच्या प्रसूतिगृहाला उपयोग झाला, म्हणून सांगतेय.

रोह्यातून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी. तिथे एका ट्रस्टने बाळंतिणींसाठी छोटी, छान इमारत बांधली. ट्रस्टचे अध्यक्ष म्हणजे आमचे साहेब. हा माझाच जुना विद्यार्थी. माईकवर मी त्याला साहेब म्हणते, माईक बंद झाला की अरे-तुरे. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा हा मुलगा आता स्टेजवर पहिल्या खुर्चीत बसतो, एवढीच त्याची प्रगती.

रिबीन आपा कापणार असं ठरलं होतं. आपा म्हणजे इथल्या निवृत्त नर्स. जुन्या दवाखान्याच्या गळक्या खोलीत, बादल्या इकडून तिकडे सरकवत, त्यांनी रोहा-अष्टमीतल्या किती लोकांना या जगात आणलं याची गणती नाही. साहेबालाही त्यांनीच आणलं. एक धड खोली द्या म्हणून त्या ज्याच्या-त्याच्या मागे लागायच्या. इमारत उभी राहिली तेव्हा मला एवढंच म्हणाल्या, "ते दार मी उघडणार गो." आणि ठेवणीतली पांढरी साडी इस्त्रीला टाकली.

आपा मुसलमान. हे मुद्दाम लिहायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं, पण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

आठवड्यावर कार्यक्रम आला आणि मोबाइलवर नवी पत्रिका आली. तिच्यात शुभहस्ते म्हणून एका महाराजांचा हा एवढा मोठा फोटो. खाली साहेबाचा, त्याहून थोडा लहान. आपांचं नाव विशेष उपस्थितीत, पार तळाला, जेवणाच्या वेळेच्या वरच. या महाराजांची भाषणं मोबाइलवर फिरत असतात. त्यांच्याकडून भाजी घेऊ नका, त्यांना जागा भाड्याने देऊ नका, त्यांच्या रिक्षात बसू नका. त्यांच्या म्हणजे कोणाच्या, हे महाराज हात लांब करून सांगतात.

मी साहेबाला फोन लावला. तो अगदी गोडीत होता. निवडणूक तोंडावर आलीय, महाराज आले की मांडव भरतो, आपांचा सत्कार ठेवलाच आहे, आणि महाराज बोलतील ते बोलतील, लोक घरी जाईपर्यंत विसरतात, असं त्याने मला समजावलं. मी म्हटलं, मग सूत्रसंचालनालाही दुसरं कोणी बघ. संताप आला होता मला. फोन ठेवून आपांना तसं सांगितलं, तर त्या उलट माझ्यावरच चिडल्या. "तू नाय गेलीस तर माईक कोणाच्या हातात जाईल? जा तू. मी पण येणार हाय."

मी गेले. मांडव खरंच भरला होता. महाराज वडखळच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकले होते, म्हणून मी विनोद सांगून, लहान मुलांना गाणी म्हणायला लावून वेळ काढत होते. मागे मसालेभात शिजून तयार होता आणि तो काही थांबायला तयार नव्हता. आपा रिबिनीजवळ पांढऱ्या साडीत उभ्या होत्या. कोणी येऊन त्यांना सांगितलं नव्हतं की तिथे उभ्या राहू नका.

महाराज आले ते गाडीतून उतरून थेट दाराशी. ट्रस्टच्या कार्यकर्त्याने ताट पुढे केलं. आपांचा हात कात्रीकडे निम्मा गेला होता. ताट त्यांच्यासमोरून सरळ पुढे गेलं. महाराजांनी कात्री उचलली, रिबीन कापली, फोटो निघाले, टाळ्या झाल्या, आणि सगळी मंडळी आत पाऊलही न टाकता वळून स्टेजवर चढली. आपांना स्टेजखालच्या कडेची खुर्ची मिळाली. माझ्या डोक्यात सणक गेली. पण माईक हातात होता, म्हणून मी हसून म्हटलं, आता दीपप्रज्वलन.

दीपप्रज्वलन झालं, ईशस्तवन झालं, साहेबाचं प्रास्ताविक झालं. ते इतकं लांबलं की मागच्या रांगेतली माणसं आळीपाळीने वासाच्या दिशेला जाऊन बघून येत होती. महाराजांचं भाषण शेवटी होतं, मुख्य आकर्षण म्हणून. त्याआधी फक्त आपांचा सत्कार उरला होता. साहेबाने त्यांना स्टेजवर बोलावून शाल घातली, नारळ दिला. महाराज तेव्हा मोबाइल बघत होते. आपा शाल सावरून खाली उतरायला लागल्या.

मी म्हटलं, "आपा, जरा थांबा. या मांडवात ज्यांचा ज्यांचा जन्म आपांच्या हातून झाला, त्यांनी कृपया जागेवर उभं राहावं."

आधी पानवाला उठला. मग दोघं-चौघं. एका म्हाताऱ्या आईने आपल्या टक्कल पडलेल्या मुलाला दंडाला धरून उभं केलं. एक गरोदर मुलगी उठली, तिच्या शेजारी तिची आई उठली. साहेब मात्र खुर्चीत बसून पत्रिका वाचत होता, स्वतःच छापलेली. त्याची आई पहिल्या रांगेत होती. ती तिथूनच कडाडली, "ऊठ रे मेल्या, तू पण तिच्याच हातचा हायस."

साहेब उठला. अध्यक्षच उठले म्हटल्यावर स्टेजवरचे सगळे उठले. मागच्या रांगांना माझं बोलणं नीट ऐकू गेलं नव्हतं, पण पुढचे उभे राहिलेले दिसले, आणि उभं राहणं म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक. सगळा मांडव उभा राहिला. खुर्च्यांचा खडखडाट झाला, आणि माईकवाल्याने बटण दाबलं.

जनगणमन.

आता मला सांगा, यात कोणी काय करायचं? राष्ट्रगीत चालू असताना थांबवायला हात कोण वर करणार? महाराज ताठ उभे, हातात भाषणाचे कागद. साहेब ताठ उभा, फक्त डोळे माझ्याकडे. मीही ताठ उभी, अगदी शाळेतल्यासारखी. मधोमध खांद्यावर शाल घेऊन आपा उभ्या, आणि आख्खा मांडव तोंड त्यांच्याकडे करून उभा. संपल्यावर मागून कोणीतरी भारतमातेचा जयजयकार केला आणि क्षणात मांडव मसालेभाताकडे रिकामा झाला.

साहेब धावत माझ्याकडे आला आणि महाराजांच्या भाषणाचं काय म्हणून विचारायला लागला. मी माईक बंद केला. म्हटलं, "राष्ट्रगीतानंतर कार्यक्रम करायचा नसतो, हे तुला चौथीत शिकवलंय मी." माईकवाल्याला कोणी काही बोललं नाही, काय बोलणार? राष्ट्रगीत का लावलंस म्हणून? मी मुद्दाम केलं असं नंतर काही लोक म्हणाले. मी नुसतं उभं राहायला सांगितलं होतं.

मी जाम खूश होते. कौतुक करून घ्यायला आपांना शोधत गेले, तर त्या प्रसूतिगृहाच्या दाराशी उभ्या. रिबिनीची दोन टोकं दोन्हीकडे लोंबत होती. मी हसत त्यांचा हात धरला. त्या हसल्या नाहीत.

"तोंड बंद केलंस त्याचं," त्या म्हणाल्या. "पण कात्री त्याच्याच हातात होती गो."

माझा सगळा आनंद ओसरला. आपांनी चपला काढल्या, काहीतरी पुटपुटत उजवा पाय आत टाकला आणि दिवे लावले. आत अजून कोणीच गेलं नव्हतं. त्यांनी खाट हलवून पाहिली, खिडक्या उघडल्या, नळ सोडून पाहिला. नळाला पाणी होतं. मग त्यांनी पर्समधून साबणाची नवी वडी काढून बेसिनवर ठेवली. ती त्यांनी घरूनच आणली होती.

तेवढ्यात साहेब महाराजांना घेऊन आला. दोघांचे हात भाताने माखलेले. बाहेरच्या पिंपातलं पाणी संपलं होतं आणि नळ फक्त इथे होता. महाराजांनी पाय उंबऱ्याजवळ आणला.

आपा दारात आल्या. आवाज चढवला नाही. ज्या आवाजात त्या बाळंतिणीच्या नवऱ्यांना दाराबाहेर उभं करायच्या, त्याच आवाजात म्हणाल्या, "चपला बाहेर."

साहेबाने पटकन काढल्या. महाराजांनी एकदा साहेबाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग आपांच्या पांढऱ्या साडीकडे. आणि वाकून चपला काढल्या.

आपा त्यांच्या बाजूला बेसिनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. महाराज बोटं पाण्याखाली धरून काढून घ्यायला लागले, तेव्हा त्यांनी साबणाकडे बोट दाखवलं.

"कोपरापर्यंत," त्या म्हणाल्या.

महाराजांनी साबण उचलला.