एफीचा गुडघा आला

टोरोंटोपासून पार पूर्वेला, समुद्रातल्या बेटावरच्या इनव्हरनेसच्या बाजूला दर दुसरं घर मॅकडोनल्डांचं, त्यामुळे नुसतं आडनाव सांगून माणूस सापडत नाही. एफीला सगळे बापाच्या नावानं ‘अँगस गिरणीवाल्याची एफी’ म्हणत. आठवडाभर ती शाळेची बस चालवायची आणि शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मुलींना नाच शिकवायची. फिडलवर गज पडला की तिचे पाय जागेवर राहत नसत, आणि उडी तर अशी घ्यायची की बघणाऱ्यांच्या हातातला चहा निवून जाई.

शाळेत असताना हॉकी खेळताना तिच्या उजव्या गुडघ्यातली गादी फाटली होती. ही गादी म्हणजे दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी चकती, मेनिस्कस. तेव्हाच्या डॉक्टरांनी ती काढूनच टाकली. पुढची वीस वर्षं हाडाला हाड घासत राहिलं आणि वरची गुळगुळीत कूर्चाही झिजली. पस्तिशी ओलांडली तेव्हा एफी बसच्या पायऱ्या कठडा धरून चढत होती आणि हॉलमध्ये खुर्चीत बसून शिकवत होती.

टोरोंटोच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धातूचा गुडघा बसवायला तू फार तरुण आहेस. मरणोत्तर अवयवदान केलेल्या कुणाची तरी गादी आणि हाडासकट कूर्चेचा तुकडा, दोन्ही एकाच वेळी बसवता येतील. मात्र माप जुळायला हवं."

"मग मी नाचेन?"

"जिने चढशील. दुखणं बरंच कमी होईल. काहींना पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागते, काहींचं वर्षानुवर्षं छान चालतं. नाचाचं वचन मी देत नाही."

फोन आला तो ऐन जानेवारीत. माप जुळलं होतं, ताजी कूर्चा फार टिकत नाही, लगेच निघा. आणि बाहेर तर हिमवादळ, रस्ते बंद. एफीचा नवरा ॲलेक खिडकीशी नुसता उभा राहिला. त्याच्या आईनं, कॅसीनं, मात्र बर्फ काढणारी गाडी चालवणाऱ्या रॅनल्डला फोन लावला.

"रॅनल्ड, आमच्या सुनेचा गुडघा आलाय."

"कुठे आलाय?"

"टोरोंटोत. तिला तिथे पोचवायचंय, आणि तू घरात बसून चहा पितोयस."

रॅनल्ड निघाला. पुढे त्याची गाडी बर्फ बाजूला सारत, मागे ॲलेकचा ट्रक, असे ते बेट संपतं तिथल्या, सामुद्रधुनीवरच्या बांधापर्यंत पोचले. तिथे पलीकडच्या जिल्ह्याचा बर्फगाडीवाला वाट पाहत उभा होता. रॅनल्डनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. सकाळी हॅलिफॅक्सहून पहिलं विमान सुटलं, त्यात एफी होती.

शस्त्रक्रिया नीट झाली. त्यानंतर कितीतरी आठवडे पाय टेकवायचा नाही, असा हुकूम होता. कॅसी सुनेकडे राहायला आली.

"आई, मी नुसती लोळून कंटाळले."

"लोळ. माझ्या मुलाच्या संसारात एवढी विश्रांती पुन्हा मिळायची नाही."

शनिवारी मुली स्वयंपाकघरातच जमू लागल्या. एफी टेबलावर बोटं आपटून पावलं दाखवायची. पाय हलत नसल्यामुळे टाच कुठे, चवडा कुठे हे तिला तोंडानं सांगावं लागे, आणि मुली पूर्वीपेक्षा लवकर शिकू लागल्या. ज्याचा तुकडा तिच्या गुडघ्यात होता त्याचं नाव तिला कधीच कळणार नव्हतं. तिनं फादरना सांगून त्याच्यासाठी प्रार्थना ठेवली. फादर ‘एफीच्या एका मित्रासाठी’ एवढंच म्हणाले, आणि सारं चर्च उभं राहिलं.

वर्ष भरत आलं आणि गुडघा अडकायला लागला. एफीला वाटलं, सगळं मुसळ केरात गेलं. पण आत तयार झालेला व्रणाचा एक धागा तेवढा काढावा लागला. "तुकडा छान रुजलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त उड्या नकोत."

दुसऱ्या उन्हाळ्यात ॲलेकच्या भाचीचं लग्न झालं. हॉल गच्च भरला होता. फिडलवाल्यानं संथ चाल धरली आणि एफीकडे पाहून मान हलवली. तिनं ॲलेककडे पाहिलं, तो जमिनीकडे पाहत होता. मग ती उठली.

उडी नाही, गिरकी नाही. खांदे स्थिर, हात सैल, आणि पावलं लाकडी जमिनीला अशी चिकटून चालली होती की प्रत्येक ठोका कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांपर्यंत स्वच्छ पोचला. चाल जलद झाली तशी एफी हसू लागली. रॅनल्ड बाकावर मूठ आपटून ताल देत होता आणि त्याचे डोळे भरले होते.

ती घामेजून येऊन बसली, तेव्हा कॅसीनं तिच्यापुढे चहा ठेवला.

"आज कुठे खरी नाचलीस. आधी नुसत्या उड्या मारायचीस."

"आई, हे तुम्ही इतक्या वर्षांत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

दुसऱ्या दिवशी गुडघा थोडा सुजला. एफी गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी त्यावर ठेवून ओसरीवर बसली, आणि डाव्या पायानं ताल धरत शनिवारी मुलींना कोणती चाल द्यायची ते ठरवू लागली.