उणे दहा ते अधिक दहा

आमच्या लॅबमधल्या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणतंही समीकरण टाका, ते आपलं उणे दहा ते अधिक दहा एवढाच चौकोन उघडून बसतं. आडवंही तेवढंच, उभंही तेवढंच. हे ज्या कुणी ठरवलं तो माणूस मला एकदा भेटावा, एवढीच माझी इच्छा आहे. मी त्याला खुर्ची देईन, चहा पाजीन आणि मग आतून कडी लावून घेईन.

अहो, लग्नातला फोटोवालासुद्धा आधी माणसं किती उभी आहेत ते बघतो आणि मावेपर्यंत मागे सरकतो. याला तेवढंही कळू नये? समीकरण हातात आलं की ते वळतं कुठे, अक्षाला कापतं कुठे, हे बघावं आणि तेवढा भाग उघडावा. नाहीच जमलं, तर निदान खाली लिहावं की बाबांनो, आलेख अजून बाहेर शिल्लक आहे. पण नाही!

मी संग्रामपूर तालुक्यातल्या एका कॉलेजात गणित शिकवतो. आमच्या लॅबमध्ये प्रत्येक कॉम्प्युटरवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'सेटिंग बदलू नये. कारवाई होईल.' एका पोराने एकदा एका कॉम्प्युटरची भाषाच बदलून टाकली होती, ती कुठली हे आजवर कुणाला कळलेलं नाही. तेव्हापासून लॅब सांभाळणारे आमचे सहकारी सेटिंगच्या बाबतीत देव्हाऱ्यासारखे सोवळे झाले.

गेल्या वर्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल होती. बाहेरून येणारे गणिताचे परीक्षक ऐनवेळी आजारी पडले आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटरचे एक गृहस्थ आले. कपडे कडक इस्त्रीचे, भाषा त्याहून कडक. प्रश्न होता: एक्सचा वर्ग, वजा चाळीस एक्स, अधिक तीनशे. आलेख काढा आणि सर्वांत कमी किंमत सांगा.

याचा आलेख म्हणजे एक खोल वाडगा. तळ कुठे, तर एक्स वीस असताना, उणे शंभरवर. पण चौकोन दहालाच संपतो! त्यामुळे पडद्यावर काय दिसलं? उजव्या कडेला वरून खाली येणारी एक इवलीशी काडी. अक्षाला टेकली की खेळ खल्लास.

जवळजवळ सगळ्या पोरांनी ती काडी छापली आणि खाली लिहिलं, 'सरळ रेषा, किमान किंमत शून्य.' परीक्षकांनी प्रिंट पाहिली, उत्तर पाहिलं, दोन्ही जुळली. पूर्ण मार्क!

एका मुलीने मात्र प्रिंटशेजारी पेनाने अख्खा वाडगा काढला आणि लिहिलं, 'किमान उणे शंभर.' ती वरवट बकालची, घरी वांग्या-टोमॅटोची शेती. एम.एस्सी.ला जायचं तिचं ठरलेलं होतं. तिला परीक्षकांनी शून्य दिलं. त्या शून्याने ती प्रॅक्टिकलमध्ये नापास होत होती. म्हणजे वर्ष गेलं, एम.एस्सी. गेलं.

"साहेब," मी म्हणालो, "बरोबर तिचंच आहे. बाकीचे सगळे चूक."

"उत्तर आउटपुटशी जुळत नाही. मशीन खोटं बोलत नाही, सर."

तेवढ्यात आमचे विभागप्रमुख दारातून डोकावले. "चला बरं, रोडगे थंडे होऊन राह्यले. वांग्याची भाजी लय झकास झाली. भांडण जेवल्यावर करा ना!"

"मी नाही जेवत!" मी ओरडलो. प्रमुखांनी छातीवर हात ठेवला. माझ्या तोंडून हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

लॅबच्या खिडकीला ऊन अडवायला वर्तमानपत्रं चिकटवलेली होती, खाली फक्त एक पट्टी उघडी. मी परीक्षकांना दंडाला धरून तिथे नेलं आणि वाकवलं. हो, वाकवलं.

"बाहेर काय दिसून राह्यलं?"

"खांब."

"फक्त खांब?"

"खांबच आहे हो!"

मी वरचा कागद टराटरा फाडला. बाहेर त्याच खांबावर गावाची पाण्याची टाकी उभी होती. "आता सांगा साहेब, गाव पाणी काय खांबातून पिते?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. परीक्षकांचे कान लाल झाले. "ठीक आहे. माझ्यासमोर काढून दाखवू दे. दाखवलं तर मार्क."

मुलगी बसली. तिचा हात सेटिंगकडे गेला तशी लॅबवाल्यांची आरोळी आली, "ओ बाई, हात नको लावू!"

"लाव," मी म्हणालो. "कारवाई माह्यावर."

घाबरून तिने दोन्ही अक्षांना उणे हजार ते अधिक हजार टाकलं. आणि घ्या! एवढ्या पसाऱ्यात वाडगा दोरा ओवायच्या सुईसारखा उभा राहिला.

"पुन्हा काडीच!" परीक्षक खूश झाले.

मला त्या क्षणी तो पडदा फोडावासा वाटला. थोडं दाखवलं तरी खोटं, वाटेल तेवढं दाखवलं तरी खोटं! पण मी काही बोललो असतो, तर उत्तर माझं झालं असतं. म्हणून मी ओठ दाबून धरले. मला असं कधी जमत नाही.

तिने कपाळावरचा घाम पुसला. "तळ वीसवर हाये," ती स्वतःशीच पुटपुटली, "मंग दोन्हीकून वीस-वीस." आडव्या अक्षाला तिने शून्य ते चाळीस दिले. मग शून्यावर उंची किती ते कागदावर काढून उभ्या अक्षाला उणे दीडशे ते साडेतीनशे. बटण दाबलं आणि वाडगा आला. भरदार, गोल, पडद्याच्या मधोमध.

परीक्षकांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. शून्य खोडलं आणि पूर्ण मार्क लिहिले. पण माणूस मोठा चिवट. सही करता करता म्हणाले, "बाई, बाकीच्यांसारखं सरळ रेषा लिहून टाकलं असतंस तर एवढा त्रास झाला असता का?"

तिला राग आला नाही, नवल वाटलं. "काऊन लिहू, सर?" ती म्हणाली. "तिथं खड्डा हाये ना!"