सर्वानुमते आरेकर

तिसरी घंटा झाली असं समजा आणि पडदा वर जाऊ द्या.

भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या जुन्या घरांना पाठ लावून आमची ‘सुमेरू दर्शन’ सोसायटी उभी आहे. तिच्या पोटाखालची गाड्या लावायची जागा हा रंगमंच. रविवार, सकाळचे साडेदहा. दोन मोटारी हलवून मांडलेल्या चाळीस लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांत अकरा माणसं, आणि अकरांतली आठ आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसलेली. खांबाला सुतळीने बांधलेला फलक एका बाजूने सुटलाय, त्यामुळे ‘वार्षिक सर्वसाधारण’ एवढंच वाचता येतं, ‘सभा’ लोंबतेय. उजव्या विंगेत पाण्याचा पंप घरघरतोय. डाव्या विंगेतून, काखेत तीन फायली, खिशाला दोन पेनं आणि गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा अशा थाटात शशिकांत आरेकर, मानद सचिव, प्रवेश करतो. टाळ्या पडत नाहीत. अकरा वर्षांत एकदाही पडलेल्या नाहीत. तरी तो दर वेळी त्यांच्यासाठी क्षणभर थांबतो.

मी पस्तीस वर्षं रंगभूमीवर काढली. राजाच्या भूमिकेत शिरलेले नट पुष्कळ पाहिले. कोकणच्या दौऱ्यात एक जण तर बसमध्येही मला ‘प्रधानजी’ म्हणायचा. पण प्रयोग संपला की तोसुद्धा तोंडावरचा रंग पुसून आमच्याबरोबर चहा-भजी खायला बसायचा. आरेकरने अकरा वर्षांत रंग पुसलेला नाही.

त्याचा जन्म लालबागच्या चाळीतला. नोकरी एका सरकारी कचेरीत, आवक-जावक विभागात. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का, चौतीस वर्षं. कागदात काय लिहिलंय ते वाचण्याचं त्याला कारण नव्हतं. त्याचं टेबल दाराशी होतं आणि पावसाळ्यात साहेबलोक आपल्या ओल्या छत्र्या त्या टेबलाला टेकवून आत जात. हे मला त्याच्या बायकोने, गिरिजाबाईंनी सांगितलं. निवृत्त झाल्यावर चार महिन्यांत तो सोसायटीचा सेक्रेटरी झाला. निवडून आला असं म्हणवत नाही. बिनपगारी काम, दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. त्याने काढलेली पहिली सूचना मला पाठ आहे: ‘लिफ्टमध्ये ओली छत्री टेकवू नये. आदेशावरून.’

आदेश कोणाचा, असं मी एकदा त्याला विचारलं.

“कमिटीचा,” तो म्हणाला.

कमिटी म्हणजे चेअरमन धर्मेशभाई. त्यांचं स्टेशनजवळ हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस लाखातला, पण कागद पुढे आला की “किधर करूं साइन?” याखेरीज एक प्रश्न विचारायचा नाही. म्हणजे आदेश आरेकरचा, सूचना आरेकरची आणि ती पाळली जाते की नाही हे जिन्यात उभं राहून पाहणाराही आरेकरच. गॅलरीत चटई वाळत घालू नये. पाहुण्यांनी नाव, गाव व प्रयोजन लिहावे. जिन्यात मोठ्याने हसू नये. ही शेवटची सूचना मी मनाची सांगत नाही. दुसऱ्या मजल्यावर ती वर्षभर चिकटलेली होती.

पण त्याची खरी कला सभेत दिसायची. नियमाप्रमाणे पुरेशी माणसं आली नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब होते, आणि मग त्याच जागी, आहेत तेवढ्यांत चालते. आरेकर सभा ठेवायचाच अशा दिवशी, की पुरेशी माणसं येऊ नयेत. लग्नाचा मुहूर्त, क्रिकेटचा सामना, जोडून आलेल्या सुट्ट्या, सगळं त्याच्या कॅलेंडरवर लाल शाईने नोंदलेलं असायचं. अर्धा तास आम्ही बटाटेवडे खायचो आणि मग तो उभा राहून सभेचं इतिवृत्त वाचायचा. चूक वाचलं नाहीत तुम्ही. सभा व्हायच्या आधीच तिचं इतिवृत्त तयार असायचं, गुरुवारी टाइप करून आणलेलं.

प्रत्येक ठरावाला एक सूचक लागतो, एक अनुमोदक. एकाने मांडायचं, दुसऱ्याने दुजोरा द्यायचा. त्यासाठी त्याने रहिवाशांची यादी घेतली होती. सूचक यादीच्या वरून खाली, अनुमोदक खालून वर. ज्याची पाळी त्याचं नाव. माणूस हजर असो, नसो, त्याचं मत काहीही असो. “सूचक श्री. अमुक, अनुमोदक श्री. तमुक, सर्वानुमते मंजूर,” असं एका दमात म्हणून तो वर बघायचा. तमुक तेव्हा मोबाइलमधून डोकं काढायचा, मान डोलवायचा आणि पुन्हा आत जायचा. मी हसतो आहे, पण मीही त्यातलाच. जिन्यातल्या कुंड्या जप्त करण्याच्या ठरावाला मी एकदा असंच खणखणीत आवाजात अनुमोदन दिलं होतं. घरी आल्यावर कळलं, कुंड्या माझ्याच होत्या.

आता मागच्या गेटकडे या.

आमची इमारत उभी आहे ती जमीन एकेकाळी भोईरांची भातखाचरं होती. त्या बदल्यात बाबूराव भोईरांना तळाशी १०१ नंबरचा फ्लॅट मिळाला. बाबूराव गेले. त्यांची बायको सावित्री तिथे राहते. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, जीभ शाबूत. सोसायटीच्या मागच्या भिंतीत एक छोटं लोखंडी गेट आहे. ते ओलांडलं की पलीकडे गोडदेवची जुनी गल्ली, आणि तिसरं घर तिच्या जावेचं. ती जाऊ दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. सावित्री रोज दुपारी आणि संध्याकाळी डब्यात पेज आणि कालवण घेऊन त्या गेटातून जाते. दुसऱ्या कोणी भरवलं तर जाऊ तोंड मिटून घेते. गेट नव्हतं तेव्हा तिथे बांध होता, आणि त्याच बांधावरून त्या दोघी खाचरात जात होत्या.

यंदा कुठल्याशा मंडळाने ‘आदर्श सोसायटी’ची स्पर्धा काढली. फॉर्ममध्ये एक रकाना होता: प्रवेशद्वारे किती? एकच असेल तर दहा गुण. आरेकरने विषयपत्रिकेवर विषय क्रमांक चार टाकला: ‘सुरक्षेच्या दृष्टीने मागील गेट कायमस्वरूपी बंद करणे.’

ते बंद झालं असतं तर सावित्रीला पुढच्या गेटने बाहेर पडून, मोठा रस्ता ओलांडून, रिक्षांच्या रांगेतून वळसा घालून जावं लागलं असतं. त्या गुडघ्यांनी दिवसातून दोनदा. तिने जिन्यात आरेकरला गाठलं होतं.

“अरं शेकटरी, त्या दारानं मी तिला भरवाया जाते. ती माज्याबिगर खात न्हाय.”

“मावशी, हे सभेचं अधिकारक्षेत्र आहे. तुम्ही लेखी द्या.”

“मना लिवाया कुठं येतंय?”

“मग सभेत बोला,” असं म्हणून तो निघून गेला. ती सभेत येणार नाही, अशी त्याची खात्री होती. अकरा वर्षांत ती आलीच नव्हती.

त्या रविवारी ती आली. वडे वाटून झाल्यावर, काठी टेकत, पहिल्या रांगेत बसली. मी तिच्यामागे होतो. आरेकरने तिला पाहिलं, चष्मा चढवला, पहिले तीन विषय दोन मिनिटांत गिळले आणि त्याच दमात सुरू झाला:

“विषय क्रमांक चार, मागील गेट कायमस्वरूपी बंद करणे, सूचक श्री. पराग सुर्वे, अनुमोदक श्रीमती सावित्री बाबूराव भोईर, सर्वानुमते मंजूर. विषय क्रमांक पाच...”

“थांब रं.” सावित्रीने काठी आपटली. “माजं नाव कशाला घेतलंस?”

आरेकरने कागदाकडे पाहिलं. यादीत खालून वर सरकता सरकता पाळी अगदी वरच्या, १०१ नंबरच्या नावापर्यंत पोचली होती. गुरुवारी टाइप करताना त्याने नेहमीप्रमाणे फक्त फ्लॅट नंबर बघितला होता, माणूस नाही.

“ती पद्धत आहे, मावशी.”

“अनुमोदक म्हंजे काय?”

“म्हणजे तुमचा पाठिंबा आहे.”

“कशाला?”

“गेट... बंद करायला.”

“माजा?”

“कागदावर तसं आहे.”

“मंग त्या कागदालाच पेज घेऊन पाठीव माज्या जावंकडं!”

आठ मोबाइल एकदम खाली आले. पराग सुर्वे, म्हणजे सूचक, त्याने दचकून शेजारच्याला विचारलं, “मी काय सुचवलंय?” धर्मेशभाई इतके हसले, की त्यांची प्लास्टिकची खुर्ची चिरकली. जिन्यात चालत नाही, पण इथे हसायला सूचना आड येत नव्हती.

आरेकर लाल झाला. टंकलेखनाची चूक आहे, असं काहीतरी पुटपुटला. मग खिशातलं पेन काढून सावित्रीचं नाव खोडलं आणि माझ्याकडे वळला. “नटवर्य, तुम्ही द्या अनुमोदन. नेहमीसारखं, जरा आवाजात.”

त्याने माझ्यावर भरवसा ठेवला होता, आणि का ठेवू नये? कोणीही लिहिलेलं वाक्य मी आयुष्यभर जीव ओतून म्हटलं, त्याचा अर्थ न विचारता. मी उभा राहिलो. समोर सावित्री मान वळवून माझ्याकडे बघत होती. विनवणी नव्हती तिच्या डोळ्यांत. हा म्हातारा आता काय करतो, एवढंच ती पाहत होती.

“माझं अनुमोदन नाही,” मी म्हणालो. जोरकस वाक्य हवं होतं. सुचलं नाही.

“मग श्री. सुर्वे, तुम्ही सूचक तरी...”

“काका, मला कशातच घेऊ नका.”

आरेकरने एकेकाकडे पाहिलं. एकेक जण बुटांकडे पाहू लागला. यात शौर्य नव्हतं, हे स्पष्ट सांगतो. त्यांना ना सावित्रीशी देणंघेणं होतं, ना गेटाशी. या माणसांनी अकरा वर्षं फुकटचे वडे खाल्ले आणि माना डोलावल्या. त्या दिवशी फक्त कोणी तरी बघत होतं, म्हणून माना हलल्या नाहीत.

“अरे शशीभाई, छोड दो ना,” धर्मेशभाई म्हणाले. “गेट है तो है. माँजी जाती है, जाने दो.”

तेव्हा आरेकरने तिसरी फाइल उघडली आणि त्यातून एक कागद काढला. राजीनामा. तोही टाइप केलेला, पिवळा पडलेला, तारखेची जागा मोकळी. किती वर्षं सांभाळला होता कोण जाणे. त्याने तो वाचला. ‘सभासदांचा विश्वास उरला नसल्याने’ असे शब्द होते. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, “हा स्वीकारावा, असं कोण सुचवतं?”

एकही हात वर आला नाही. कारण राजीनामा स्वीकारला की विचारलं जाणार, आता कोण? पहाटे पाचला टॉर्च घेऊन गच्चीवरची टाकी बघायला कोण चढणार? टँकरवाल्याशी हिंदीत कोण भांडणार? लिफ्ट अडकली की कोणाचा फोन वाजणार? मीच हात वर केला असता तर तो माणूस त्याच दिवशी सुटला असता. मी केला नाही. ज्याला अकरा वर्षं तुच्छ लेखलं, त्याच्या खुर्चीत बसायची आमच्यातल्या एकाचीही तयारी नव्हती. नाटकवाल्यांच्या भाषेत, नायक आम्हाला अजिबात पसंत नव्हता, पण बदली नट कोणी नव्हता.

सावित्रीने काठीने त्याच्या खुर्चीचा पाय ठोकला. “बस खाली. चा घे. त्ये कागूद ठिव पिशवीत.”

तो बसला. चहा घेतला नाही. राजीनामा मात्र फाइलीत परत गेला. सावित्री उठली, पदराखालून डबा काढला आणि सगळ्यांच्या देखत मागच्या गेटातून निघून गेली. बाराची वेळ झाली होती, जावेला भूक लागली असणार.

खुर्च्या उचलल्या गेल्या. आरेकर एकटा टेबलाशी उरला. विषय क्रमांक चारचा टाइप केलेला परिच्छेद आता निरुपयोगी होता, आणि अकरा वर्षांत प्रथमच त्याला झालेली गोष्ट, झाल्यावर, हाताने लिहायची होती. मी जिन्याकडे निघालो, तर मागून हाक आली. वळून पाहिलं. पेन कागदावर टेकलेलं, कपाळाला आठ्या, नजर वर न करता बसलेला. त्यानंतर आजतागायत तो माझ्याशी बोललेला नाही. काही सांगायचं असेल तर सूचना चिकटवतो. तेव्हा त्याचं मला उद्देशून शेवटचं वाक्य हेच:

“नटवर्य, नामंजूर एक शब्द की दोन?”