कपाटातलं इंटरनेट

माझी आत्या वाचनालयात पुस्तकं देते. तिच्या टेबलाच्या खालच्या खणात ती नेहमीच्या माणसांसाठी पुस्तकं राखून ठेवते. कोणी मागत नाही, तीच ठरवते. नर्सबाईंना प्रवासवर्णन, बेकरीवाल्याला रहस्यकथा, शिंपीकाकांना जाडजूड कादंबरी, कारण दुकान मुलाकडे सोपवल्यापासून त्यांचा वेळ जात नाही. माणूस दारात दिसला की ती खाली वाकते आणि न बोलता पुस्तक पुढे सरकवते. समोरचा म्हणतो, "कसं ओळखलंत ताई?" एवढ्या वाक्यावर तिची सगळी नोकरी मजेत गेली.

मग वाचनालयात जलद इंटरनेट आलं. वायर मीच ओढली. नेटवर्क जोडणं हेच माझं काम. हॉलच्या मधल्या खांबावर राऊटर लावला आणि उरलेली वायर गुंडाळून तिथेच बांधून ठेवली. खांबाशेजारच्या टेबलावर लोकांना मदत करायला एक नवी मुलगी नेमली. थोड्याच दिवसांत सगळी गर्दी तिच्याभोवती. नर्सबाई परीक्षेचे धडे ऐकायला, बेकरीवाला नवी भट्टी बघायला. शिंपीकाका तर आत्याकडे नुसती मान हलवून सरळ खांबाकडे जायचे, नातीला व्हिडिओ कॉल लावायला. त्यांची कादंबरी खणात पडून.

आत्याने त्या मुलीचं नाव ठेवलं पासवर्डबाई.

"आज पासवर्डबाई केस मोकळे सोडून आल्या होत्या," जेवताना ती सांगायची. "हसतात तर केवढ्या! हसायला काय, त्याला वाचावं थोडंच लागतं?"

"आत्या, ती चांगली आहे गं."

"वाईट कोण म्हणालं? तू आपली वायर ओढ."

गेल्या आठवड्यात पासवर्डबाईचा फोन आला. "दोन दिवस रजेवर होते, येऊन बघते तर स्पीड मेलाय. आणि राऊटर जागेवर नाही. तुम्हीच या, मॅडमना विचारायची माझी हिंमत नाही."

गेले. खांबावर नुसता खिळा. वायर सोडवून भिंतीच्या कडेने थेट आत्याच्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात नेलेली. या कपाटात दुर्मिळ पुस्तकं कुलपात असतात.

"किमती वस्तू आहे," आत्या म्हणाली. "किमती वस्तू कपाटात. धूळ बसू नये म्हणून कव्हरही घातलंय."

खरंच घातलं होतं. कपाटाच्या दाराला असलेल्या छोट्या काचेतून दिसलं, राऊटरला खाकी कागद आणि त्यावर नंबराची चिठ्ठी.

लोखंडातून रेंज कशी जाणार? काचेतून झिरपेल तेवढीच मिळत होती, आणि ती फक्त आत्याच्या टेबलापाशी. त्यामुळे सगळं वाचनालय तिथे दाटलेलं. नर्सबाई स्टुलावर, बेकरीवाला भिंतीला टेकून. आत्याचा चेहरा असा खुललेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. मात्र तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं.

शिंपीकाका तिच्या अगदी कोपराशी उभे होते. फोनमध्ये नात पहिलाच शिवलेला फ्रॉक दाखवत होती.

"आजोबा, हे काज असंच..."

चित्र थिजलं. पोरीचं तोंड उघडं ते उघडंच. काका फोन धरून थांबले, मग आत्याकडे वळले. "ताई, काय झालं हो? जरा बघता का?"

पासवर्डबाई मागेच उभी होती, पण काकांनी विचारलं आत्याला. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाकडे पाहिलं. तिने किल्ली काढली, दार सताड उघडलं आणि खाकी कव्हर ओढून काढलं. पोरीचं तोंड हललं.

"उलटं धरलंयस, बाळा. थांब, दाखवतो."

आत्या खाली वाकली. खणातली कादंबरी काढून तिने पुढे सरकवली. काकांनी न बघताच घेतली, टेबलावर उभी केली, तिला फोन टेकवला आणि मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी हवेत टाके घालू लागले.

आत्या बराच वेळ त्या कादंबरीकडे बघत राहिली.

"परत खांबावर लावते," मी म्हटलं.

"कपाटाच्या डोक्यावर ठेवलं तर पोचेल का सगळीकडे?"

"पोचेल. थोडं कमी."

"मग तिथेच लाव."

लावलं. पासवर्डबाई आपलं टेबल ओढत कपाटापर्यंत आली. आत्याने खुर्ची सरकवून तिला जागा दिली. वीतभरच.