आम्ही, तुम्ही आणि अडकलेली लिफ्ट

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. आधीच सांगून टाकते, कारण यांच्याबरोबर कुठंही गेलं की थोड्या वेळात ते सगळ्यांना कळतंच. लग्नाला जा, दवाखान्यात जा, माणसं नमस्कार करत असतात आणि यांचा तळवा लिफ्टच्या भिंतीवर. कान टवकारलेले. "दार जरा अडखळतंय," एवढंच म्हणतात, पण अशा सुरात की बरोबरची माणसं जिना शोधायला लागतात. एकदा माझ्या मावसबहिणीचे सासरे गेले म्हणून भेटायला गेलो होतो. जाताना बजावून नेलं होतं, की आज लिफ्टचा विषय नको. घरात शहाण्यासारखे बसले. निघताना मात्र खालच्या रखवालदाराला बाजूला घेऊन विचारलंच, "हिला तेल कधी घातलं होतं?"

तसे अबोल. बोलायचं ते अडकलेल्या माणसांशी. लिफ्ट कुठं बंद पडली की हे आधी हत्याराची पिशवी उघडत नाहीत, दाराला तोंड लावून बोलायला लागतात. "मी आलोय. घाबरायचं कारण नाही. किती जण आहात? जेवलात का?" जेवणाचा विषय काढला की माणसाची भीती निम्मी होते, असं यांचं म्हणणं. आतल्या कितीतरी लोकांनी यांना दाराच्या फटीतून घरी काय शिजलंय ते सांगितलं आहे.

मी कपडे दुरुस्त करते. लांब असेल ते आखूड, घट्ट असेल ते सैल. म्हणजे घरात दोघंही दुरुस्तीवाले, आणि आमच्या हातून नवं असं एकच काही झालं, ती आमची मुलगी. लहानपणी सतत कानाशी गुणगुणत असायची म्हणून यांनी तिचं नाव भुंगा ठेवलं. मुलीला कुणी भुंगा म्हणतं का, असं मी खूप भांडले, पण तेच चिकटलं.

भुंग्याचं लग्न होऊन वर्ष झालं. सासर याच गावात, दुसऱ्या टोकाला. जावई गुणी आहे. तक्रारीला जागाच नाही, आणि यांची पंचाईत नेमकी तिथं झाली. कारण यांना तक्रार होती, आणि ती सांगायला गेलं तर लोक हसले असते.

तक्रार एका शब्दाची होती. लग्नानंतर महिनाभरातच पोरगी आली आणि खिडकीशी उभी राहून म्हणाली, "तुमच्याकडे डास फार झालेत. आमच्याकडे दिवेलागणीला खिडक्या लावून घेतात."

ती गेल्यावर हे म्हणाले, "तुमच्याकडे?"

"अहो, बोलायची पद्धत असते."

"जिथं रांगली, जिथं दात पाडून घेतले, ते तुमच्याकडे?"

"मीही लग्नानंतर आईला असंच म्हणायला लागले होते."

"तुझं वेगळं."

"वेगळं कसं?"

हे विचार करून म्हणाले, "तू आमच्याकडे म्हणायचीस ते माझ्याकडे होतं. तेव्हा मला बरं वाटायचं."

अशा माणसाशी काय बोलणार! मी हसले. पण खोटं कशाला सांगू, मलाही ते लागलं होतं. मी मशीनवर बसून ते विसरत होते, यांना विसरता येईना. ती आली की हे कान देऊन बसायचे. 'आपल्या घरी' असं एकदा तरी म्हणते का ते बघायचे. ती म्हणायची नाही. 'तुमचा फ्रिज', 'तुमच्या गल्लीत', 'तुमचं ते निळं पातेलं'. ते पातेलं तिच्याच पहिल्या पगारातलं होतं. ही पोर अजून या घराला आपलं मानते की नाही, एवढंच यांना कळायला हवं होतं. विचारायची मात्र हिंमत नव्हती, कारण 'नाही' म्हणाली तर पुढे काय करायचं हे माहीत नव्हतं.

अशात क्रूझचं निघालं. काढलं ते यांच्या शाळेपासूनच्या मित्रानं. त्याचं चष्म्याचं दुकान माझ्या दुकानाला लागूनच आहे, त्यामुळे दोन्ही घरांत त्याला सगळे चष्मेवालाच म्हणतात. "आयुष्यभर दुसऱ्यांना वरखाली केलंस," तो यांना म्हणाला, "आता जरा आडवा प्रवास कर." मग वहिनी, म्हणजे चष्मेवाल्याची बायको, मागे लागली. मी भुंग्याला फोन केला. फोन मोठ्या आवाजावर होता.

"चालेल की!" ती म्हणाली. "आम्हीपण येतो तुमच्याबरोबर."

यांनी माझ्याकडे बघितलं. "एका वाक्यात दोन्ही," म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले.

जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारी मोठी इमारत. आमची खोली एवढीशी, की एकानं वाकून बूट घालायचे तर दुसऱ्यानं पलंगावर चढायचं. खिडकी गोल, आणि तिच्यात नुसतं पाणी. रोज खोली आवरणारी बाई टॉवेलाची घडी घालून त्याचा पक्षी करून ठेवायची. वहिनीला तो मोडवेना, म्हणून ती दोन दिवस ओढणीनं तोंड पुसत होती. बाकी वहिनीनं सामान असं आणलं होतं, की जहाज बुडालं असतं तरी आम्ही एखाद्या बेटावर संसार थाटला असता.

यांनी निघतानाच जाहीर केलं होतं, की सुट्टीत लिफ्टचं तोंड बघणार नाही. जहाजावर ढीगभर लिफ्ट, बहुतेक काचेच्या, लखलखीत. हे प्रत्येकीसमोरून मान वळवून जायचे आणि जिना चढायचे. चष्मेवाला म्हणाला, "जुनं प्रेम दिसतंय." हे हसलेही नाहीत. भुंग्याशीही धड बोलत नव्हते. ती खुर्चीपाशी आली की सावरून बसायचे, "झोप लागली ना? काही हवं का?" असं विचारायचे. तीही "छान लागली, काही नको" म्हणायची. बाप-लेक बोलताहेत की बँकेतले दोन साहेब, असा प्रश्न पडावा.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे वरच्या मजल्यावर जेवायला निघालो आणि भुंग्याच्या चपलेचा पट्टा तुटला. जिना लांबलचक. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी लिफ्टनं येते." मी यांना कोपरानं ढोसलं. "जा तिच्याबरोबर." हे गेले. दार लागताना बघितलं, दोघंही वरच्या आकड्यांकडे बघत उभे होते.

आम्ही वर पोचलो. लिफ्ट पोचली नाही.

दोन मजल्यांच्या मध्येच थांबली होती. ही लिफ्ट नेमकी जुनी, मागच्या बाजूची, लोखंडी दाराची. आम्ही धावत खालच्या मजल्यावर आलो. गणवेशातली दोन माणसं आली, एकानं भिंतीतली पेटी उघडली आणि अवाक्षर न बोलता तारा बघायला लागला. चष्मेवाला आधी घाबरला आणि मग त्याला इतकं हसू आलं, की त्यानं भिंत धरली. "अगं, हा आत आहे! हा! आता कुणाला बोलवायचं?"

माझा मात्र जीव टांगणीला. मी दाराशी कान लावला. आतून भुंग्याचा आवाज आला, "बाबा, बाहेरचे काही विचारतच नाहीयेत."

"नवीन असतील," हे म्हणाले.

"मग मी विचारते. जेवलात का?"

आणि आतून हसण्याचा आवाज आला, दोघांचा. मी कपाळ दाराला टेकवलं. वर्षभरात मी त्या दोघांना एकत्र हसताना ऐकलं नव्हतं.

जावई माझ्या शेजारी येऊन ओरडला, "तुम्ही ठीक आहात ना?"

"आम्ही मजेत आहोत," भुंगा आतून म्हणाली. "तुम्ही सगळे जेवून घ्या. आम्ही येतो मागून."

जावयानं माझ्याकडे बघितलं. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं. बायकोनं त्याला 'तुम्ही'त टाकलं होतं, आणि 'आम्ही'त आमचे हे बसले होते. मला त्याची दयाही आली आणि, देवाशप्पथ, आनंदही झाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सवय होते," म्हटलं.

जेवायला कोण जातंय! आम्ही तिथंच जमिनीवर बसलो. वहिनीनं पिशवीतून शेंगदाणे काढले. आतलं बोलणं हळू झालं, मग ऐकू येईना. शेवटी लिफ्टला हिसका बसला, ती सावकाश खाली आली, दार उघडलं. भुंगा तुटकी चप्पल हातात घेऊन बाहेर आली, डोळे लाल, पण चेहरा मोकळा. हे मागून आले. गणवेशवाल्याचे आभार मानले. लिफ्टला काय झालं होतं हे विचारलंही नाही, तेव्हाच मी ओळखलं, की आत काहीतरी झालं आहे.

जेवणानंतर यांना कठड्यापाशी गाठलं. "काय झालं?"

हे समुद्राकडे बघत राहिले. यांच्याकडून काही काढायचं म्हणजे ओल्या कापडातली सुई ओढण्यासारखं आहे, घाई केली की मोडते. मी थांबले.

"विचारलं तिला," शेवटी म्हणाले. "म्हटलं, तू आम्हाला तुमच्याकडे, तुमचं असं का म्हणतेस? परके झालो का?"

"मग?"

"रडायला लागली. म्हणाली, बाबा, मी आले की तुम्ही शर्ट बदलता."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. दारावरची बेल वाजली, भुंगा आली असं समजलं, की हे आत जातात आणि इस्त्रीचा शर्ट चढवून येतात. दर वेळी. पाहुणे आले की करतात तसंच. मी जन्मभर कपड्यांच्या धंद्यात, पण मला वाटायचं, लेक येते म्हणून उत्साह आहे.

"म्हणाली, पूर्वी तुम्ही बनियनवर बसायचात, मला पाणी आणायला सांगायचात, माझ्यावर खेकसायचात. आता शर्ट घालून समोर बसता आणि 'त्रास नाही ना झाला यायला' असं विचारता. असं कुणाला विचारतात? मग मी कशी म्हणू, आपल्याकडे? तुम्ही तर मला पाहुणी करून टाकलंत."

"अहो, पण का बदलता शर्ट?"

हे कठड्याचा रंग नखानं खरवडायला लागले. "तिच्या सासरी सगळे घरातसुद्धा नीट कपड्यांत असतात. तिला तशी सवय झाली असेल. आपला बाप गबाळा आहे असं तिला वाटू नये. वर्षभर तीच भीती होती."

मला एकदम भरून आलं. हा माणूस कुठल्या कुठल्या अंधाऱ्या खोल्यांत ग्रीस फासून घेतो, कुणासमोर कधी लाजला नाही, आणि लाजला तो पोटच्या पोरीसमोर. "वेडे आहात," मी म्हटलं. यांचा हात धरला. इतक्या लोकांत यांनी तो सोडवून घेतला नाही.

त्या संध्याकाळी जहाजावर नटूनथटून जेवायला जायचं होतं. चष्मेवाल्याचा जादा कोट मी यांच्यासाठी बाह्या उसवून लांब करून आणला होता. मी तयार झाले, केस विंचरले, तरी हे आपले पलंगाच्या कडेला बनियनवर बसून. "आवरा," मी म्हटलं. "आवरतो," म्हणाले, आणि हलले नाहीत. नजर दाराकडे.

दार धाडकन उघडलं. टकटक नाही, 'येऊ का' नाही. भुंगा आत आली, यांच्याकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"बाबा! अजून असेच? खाली सगळे खोळंबलेत! आणि हे काय घातलंय? बनियनला भोकं आहेत की भोकांना बनियन आहे? आई, तू बघत नाहीस का? उठा आधी!"

हे उठले. तिनं शर्ट अंगावर फेकला, बडबड चालूच, कोट झटकला, ब्रशनं पाठ झाडली. "लहान आहात का तुम्ही? दर वेळेला तुमचं हेच!" बोलणी पडत होती आणि आमचे हे गाणं ऐकावं तसे ऐकत होते. मी पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखी पाठ फिरवली, कारण माझे डोळे भरले होते.

वळले तर यांनी शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली होती, एक बाजू वर, एक खाली. "अरे देवा," भुंगा म्हणाली, आणि पुन्हा ओरडत ओरडत एकेक बटण सोडायला लागली.

मला कपड्यांतलं कळतं. ती बटणं चुकून चुकलेली नव्हती. मी काही बोलले नाही.